पहार, कुदळ की गिरमिट?

बालमित्रांनो, आज एक गणित घालतो. घाबरू नका, परीक्षेतलं नाही, कुंपणाचं आहे.

समजा, तुमच्या शाळेमागे १०० फूट लांब आणि ६० फूट रुंद मोकळी जागा आहे. तिथे बाग करायची ठरली. गावातल्या शेळ्या आत शिरू नयेत म्हणून चारही बाजूंनी काटेरी तारेचं कुंपण हवं. दर ८ फुटांवर एक खांब. तर खांब किती लागतील? परिमिती ३२० फूट, भागिले ८. बरोबर, ४० खांब! म्हणजे खड्डेही ४०. प्रत्येक खड्डा २ फूट खोल. आणि जमीन कशी? तर चैत्रातली, माळावरची, कुदळ मारली की ठिणगी उडावी अशी.

आता सांगा पाहू, हे खड्डे कशाने खणाल?

वर्गात हा प्रश्न विचारला की एकच गलका होतो, "कुदळ आणि फावडं!" झाड लावायचा खड्डा असता, पाण्याचा चर असता, तर हे उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. पण खांबाचा खड्डा ही वेगळीच चीज आहे. तो अरुंद हवा आणि खोल हवा. कुदळ मारायची तर ती डोक्यावरून आणावी लागते आणि तिचं पातं तिरपं आत शिरतं. खड्डा एक फूट खोल गेला की कुदळीचा दांडा काठावर आपटायला लागतो. मग खणणारा काय करतो? खड्डा रुंद करतो. आणखी खोल जायचं म्हणून आणखी रुंद. शेवटी २ फूट खोल जाता जाता तोंडही २ फूट रुंद होऊन बसतं.

मग होऊ दे की रुंद, बिघडलं कुठं? असं वाटतंय ना? कागद-पेन्सिल घ्या.

१ फूट व्यासाचा, २ फूट खोल गोल खड्डा असेल तर त्यातून माती निघेल ३.१४ × ०.५ × ०.५ × २ म्हणजे १.५७ घनफूट. आता व्यास २ फूट करा, खोली तीच ठेवा. उत्तर येईल ६.२८ घनफूट. व्यास फक्त दुप्पट झाला, पण माती झाली चौपट! ४० खड्ड्यांचा हिशोब केला तर अरुंद खड्ड्यांतून सुमारे ६३ घनफूट माती निघते आणि रुंद खड्ड्यांतून २५१ घनफूट. मुरूम, वाळू ब्रासवर मोजतात हे घरच्यांकडून ऐकलं असेल. १०० घनफूट म्हणजे १ ब्रास. म्हणजे कारण नसताना जवळजवळ दोन ब्रास जादा माती उपसली. तीही उन्हाळ्यात, कुणाच्या तरी पाठीवर.

पण पाठदुखी परवडली म्हणावं असं नुकसान पुढेच असतं. खांब जमिनीत उभा राहतो तो कशाच्या जोरावर? त्याच्या भोवतालच्या मातीच्या. तार ताणली की खांब एका बाजूला कलायला बघतो आणि ती माती त्याला धरून ठेवते. खड्ड्याबाहेरची, आपण न हलवलेली माती वर्षानुवर्षं दबलेली असते. आपण खणून परत भरलेली माती कितीही ठोकली तरी लगेच तितकी घट्ट होत नाही. खड्डा अरुंद असेल तर खांब आणि पक्की जमीन यांच्यात भुसभुशीत मातीची पातळ चकती असते. रुंद असेल तर खांब जणू पीठ भरलेल्या डब्यात उभा केलाय!

आमच्या शाळेच्या बागेचं कुंपण असंच झालं होतं. ज्याने ते काम घेतलं होतं त्याने बादलीवालं मोठं यंत्र आणलं आणि अर्ध्या दिवसात सगळे खड्डे काढून दिले. काय ते खड्डे! गावातले एक आजोबा काठी टेकत आले, खड्ड्यात डोकावले आणि म्हणाले, "गुरुजी, खांब पुरायचा हाय का हत्ती?" मुलं खो खो हसली. आषाढातल्या पावसात भरलेली माती खचली आणि पश्चिमेकडचे खांब एकापाठोपाठ एक कलले. तार सैल पडली. त्या फटीतून शेळ्या आत शिरल्या आणि चौथीच्या मुलांनी तांब्या-तांब्याने पाणी घालून जगवलेली शेवगा, सीताफळ आणि कढीपत्त्याची रोपं दोन दुपारांत बुडख्यापर्यंत खाल्ली. शेळ्यांचा त्यात काय दोष! पण त्या मुलांची तोंडं बघवत नव्हती.

दुसऱ्या वर्षी खांब नव्याने उभे केले ते त्याच आजोबांच्या सांगण्यावरून आणि मुख्यतः एका हत्याराने. ते म्हणजे पहार.

पहार तुम्ही पाहिलीच असेल. चार ते सहा फूट लांबीची लोखंडाची भरीव कांब. विदर्भात हिलाच सब्बल म्हणतात. ना दांडा, ना पातं, ना स्क्रू. दिसायला इतकी साधी की दुकानात कुणी तिच्याकडे वळूनही बघत नाही. पण कडक जमिनीत अरुंद खड्डा पाडायचा तर हिच्यासारखी हीच.

का ते बघा. कुठलाही खड्डा खणताना दोन कामं असतात. एक, माती फोडून सुटी करायची. दोन, सुटी झालेली बाहेर काढायची. ही दोन कामं वेगळी आहेत आणि प्रत्येक हत्यार त्यातलं एकच नीट करतं. मऊ जमिनीत हा फरक जाणवत नाही, फावडं दोन्ही कामं एका दमात करतं. पण जमीन कडक असली की सगळी अडचण पहिल्या कामात असते. फावडं तिथे नुसतं खरवडत राहतं.

विज्ञानाच्या पुस्तकात 'दाब' शिकलात का? बल तेवढंच, पण ते जितक्या कमी जागेवर पडेल तितका दाब जास्त. फावड्याचं पातं साधारण १० इंच रुंद असतं, पहारेचं चपटं तोंड जेमतेम १ इंच. दोघांच्या धारेची जाडी सारखी धरली तर तेवढ्याच जोराने पहारेखाली दहापट दाब पडतो. टाचणी बोटात घुसते आणि पेन्सिलीचं मागचं टोक घुसत नाही, तोच प्रकार.

शिवाय पहारेचं वजन! ५ फूट लांब आणि १ इंच जाड पहार सुमारे ६ किलो भरते. ती ६० सेंटिमीटर उचलून सोडली आणि जमिनीत १ सेंटिमीटर रुतून थांबली असं धरा. तेवढ्या क्षणापुरता जमिनीवर पडणारा सरासरी जोर तिच्या वजनाच्या जवळजवळ ६० पट असतो. ६० गुणिले ६, म्हणजे ३६० किलोंचा भार एका इंचाच्या धारेवर! म्हणूनच जाणती माणसं पहार मारत नाहीत, सोडतात. हात फक्त उचलायला आणि दिशा द्यायला. नवखा माणूस ती दातओठ खाऊन आपटतो आणि दहा मिनिटांत तळहाताला फोड घेऊन बसतो.

पहारेची दोन टोकं नीट बघा. बहुतेक पहारींचं एक टोक अणकुचीदार असतं आणि दुसरं छिन्नीसारखं चपटं. दगडगोटे मिसळलेल्या मुरमात टोकदार बाजू आधी, कारण ती दोन खड्यांच्या मधल्या फटीत शिरते आणि मग पहार हलवून खडा उचकटता येतो. ही झाली तरफ. चिकण जमिनीत मात्र टोकदार बाजू नुसतीच भोक पाडते आणि अडकते, तिथे चपट्या बाजूने माती कापायची. खड्ड्याच्या कडा सरळ करायलाही चपटीच.

आणखी एक खुबी आहे, ती मला फार आवडते. कडक जमिनीत खड्ड्याच्या पूर्ण गोलावर एकदम घाव घालायचे नाहीत. आधी मधोमध वीतभर खोल भोक पाडायचं. मग त्याच्या भोवतीची माती त्या भोकाच्या दिशेने ढासळवत यायचं. मातीला सुटायला एक मोकळी बाजू मिळाली की ती लवकर सुटते. चारही बाजूंनी दाबलेली असेल तर जाणार कुठे बिचारी? बोगदा खणताना सुरुंग लावतात तेव्हासुद्धा आधी मधले सुरुंग उडवून पोकळी करतात आणि मग बाजूचे उडवतात. तीच युक्ती.

बोथट पहार मात्र नुसती काठी. घासून गोल झालेलं तोंड लोहाराकडून पाजवून आणायचं. तो ते भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकून धारेला आणतो आणि पाण्यात बुडवतो. त्याला पाणी देणं म्हणतात. पाणी कमी झालं तर धार वळते, जास्त झालं तर तोंडाचा टवका उडतो. खंडेनवमीला घरी कुदळ-पहारेची पूजा होत असेल, तेव्हा त्यांच्या धारेकडेही एकदा बघा.

आता जमिनीकडे वळू. कारण हत्यार ठरवते ती जमीन, दुकानदार नव्हे.

महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्ट खडकाचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि त्यांचा हा काळा खडक झाला. तो ऊन-पावसाने झिजून अर्धवट कुजला की त्याचा मुरूम होतो आणि पूर्ण बारीक झाला की काळी माती. काळ्या मातीतले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळले की आकसतात. म्हणून उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मधली ढेकळं विटेसारखी कडक होतात. तीच जमीन श्रावणात पायातली चप्पल ओढून घेते!

म्हणजे काळ्या जमिनीत हत्याराइतकाच महत्त्वाचा असतो दिवस. शेतकऱ्यांचा एक सुंदर शब्द आहे, वापसा. पाऊस पडून गेल्यावर माती ओलीही असते आणि मोकळीही असते, ना चिकट ना कडक, ती अवस्था म्हणजे वापसा. कुंपणाचं काम वापशावर काढलं तर एरवी घामाघूम करणारा खड्डा हसतखेळत होतो. पाऊस नसेल तर खड्ड्याच्या जागी आदल्या संध्याकाळी आळं करून बादलीभर पाणी ओतून ठेवायचं आणि सकाळी खणायचं. पाणी ओतल्या ओतल्या खणाल तर वर नुसता चिखल आणि खाली तीच वीट. मुरमातही ही युक्ती चालते. तिथे खड्ड्यांना धरून ठेवणारी बारीक माती भिजून ढिली होते. वीतभर खणून पुन्हा पाणी, पुन्हा वीतभर, असं टप्प्याटप्प्याने जायचं.

कोकणातल्या मुलांचं काय? त्यांच्याकडे जांभा. सड्यावर तर वरचा थर अगदी कातळ असतो. तिथे जुन्या माणसांनी शहाणपणा केला. खांब पुरायच्या भानगडीत न पडता दगडावर दगड रचून गडगा घातला. खड्डाच नको, तर हत्यार कशाला! आणि पहार टण् टण् वाजून उलटी उसळायला लागली, खाली अखंड खडक लागला, तर पहारेचाही हट्ट सोडावा. तिथे घण आणि छिन्नी, किंवा हल्ली विजेवर चालणारा ब्रेकर. वडार समाजातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडले, विहिरी खणल्या. घाव कुठे घातला की दगड कुठे दुभंगेल हे त्यांना दगडाकडे बघून कळतं. असं कुणी जवळपास असेल तर आपण मुकाट्याने बाजूला बसून बघावं.

बरं, मग गिरमिट? सुताराचं गिरमिट लाकडात फिरत फिरत भोक पाडतं, तसंच मोठ्ठं गिरमिट जमिनीसाठीही मिळतं. इंग्रजीत त्याला ऑगर म्हणतात. हाताने फिरवायचं गिरमिट मऊ, बिनदगडी जमिनीत फार छान चालतं, माती फोडणं आणि वर आणणं ही दोन्ही कामं ते एकदम करतं. पण वाटेत लिंबाएवढा गोटा आला की थांबलं! पेट्रोल इंजिनावरचं गिरमिट जास्त जोरकस असतं, आणि ट्रॅक्टरमागे जोडायचं त्याहून. खड्डे शेकड्याने असतील, जमीन कडक असली तरी दगड कमी असतील, तर भाड्याने ते आणणं शहाणपणाचं. मात्र हातात धरायच्या यंत्राचं पातं दगडात अडकलं की सगळं यंत्रच गर्रकन फिरायला बघतं आणि मनगट पिरगाळतं. म्हणून ते काम दणकट मोठ्या माणसांचं, मुलांनी लांबून बघायचं. ओल्या काळ्या जमिनीत गिरमिटाने खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. भरलेली माती त्यांना धरत नाही. तेव्हा शेवटी पहारेने भिंती थोड्या ओरखडायच्या. बघा, पहारेवाचून सुटका नाहीच.

दोन फावडी समोरासमोर जोडल्यासारखं, चिमट्याने माती उचलायचं एक हत्यारही मिळतं. चित्रात ते फार ऐटबाज दिसतं. पण ते माती काढायचं हत्यार आहे, फोडायचं नव्हे. कडक जमिनीवर आपटलं तर चिमटा नुसता उडतो आणि हात झिणझिणतात. आधी पहारेने माती सुटी करा आणि मग ते वापरा, म्हणजे त्याचे पैसे वसूल.

नसेल तर? नारळाची करवंटी घ्या! अरुंद खड्ड्यात फावडं जात नाही, घमेलं जात नाही, पण करवंटी जाते. पत्र्याचा रिकामा डबा काठीला आडवा बांधला तर त्याहून बरं, वाकावंही लागत नाही. आमच्याकडे हे काम मुलांनी केलं. मोठ्यांनी पहार चालवायची आणि बाजूला व्हायचं, मग मुलांनी माती काढायची. शिवाय दोरी ताणून फक्कीने खुणा करणं, पाणी ओतणं आणि खोली मोजणं हेही त्यांचंच. खोली मोजायच्या काठीला २ फुटांवर लाल दोरा बांधला होता आणि तो काठाच्या खाली गेल्याशिवाय मुलं खड्डा 'पास' करत नव्हती!

इथे एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगायची आहे, आईबाबांनीही वाचावी. पहार हवेत असताना खड्ड्यात कुणाचाही हात असता कामा नये. कधीच नाही. माती काढणारा "झालं" म्हणून उठून दोन पावलं मागे सरकेपर्यंत पहारेला हात लावायचा नाही. पायांत चपला नकोत, बूट हवेत. मुरमाचे कण डोळ्यांत उडतात म्हणून तोंड खड्ड्यावर आणू नये. पहार भिंतीला टेकवून उभी ठेवू नये, धक्का लागला की थेट पायावर पडते. ती आडवी ठेवावी, आणि तीही सावलीत, कारण चैत्रातल्या उन्हात तापलेली पहार तव्यासारखी चटका देते.

खणण्याआधी जमिनीखाली काय आहे ते विचारून घ्या. पहार म्हणजे पाच फुटी लोखंड, वीज तिच्यातून सरळ हातात येते. खालून विजेची केबल गेली असेल तर एक घाव जीवावर बेतू शकतो. गावच्या वायरमनला विचारा आणि नळाला पाणी सोडणाऱ्या काकांनाही विचारा, नाहीतर खांब एक आणि गळकी पाइपलाइन अख्ख्या आळीची. आणि खड्डा रात्रभर उघडा ठेवायचा नाही. अंधारात वासराचा किंवा माणसाचा पाय त्यात गेला तर मोडतोच. फळी टाकून वर दगड ठेवा. सकाळी फळी काढल्यावर आधी काठीने तळ चाचपा, विंचू किंवा साप थंडाव्याला उतरलेला असू शकतो.

खड्डा झाला, खांब उभा केला. आता घाई करून सगळी माती एकदम लोटू नका. वीतभर माती टाकायची, खांबाभोवती फिरत फिरत ठोकायची, मग पुढची वीतभर. ठोकायला धुमस असेल तर उत्तमच, पण अरुंद जागेत तीही मावत नाही. तिथे पहारेचंच जरा बोथट टोक खाली करून वापरायचं. काळ्या जमिनीत मात्र तीच काळी माती परत भरू नये. ती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि खांबाला दरवर्षी थोडंथोडं हलवते. त्याऐवजी मुरूम किंवा बारीक दगड ओलसर करून ठोकावेत. शेवटी खांबाभोवती मातीचा छोटासा उंचवटा करावा, म्हणजे पाणी तिथे साचत नाही.

कोपऱ्यातल्या खांबांवर दोन बाजूंची तार ओढते, म्हणून त्यांचे खड्डे अर्धा फूट जास्त खोल घ्या आणि आतून तिरपा टेकू द्या. मग चारपाच दिवस जाऊ द्या. एखादा पाऊस झाला तर फारच छान. रोज एकेका मुलाने खांब हलवून बघायचे आणि जो हलेल त्यावर फक्कीची फुली मारायची. फुली मारलेल्या खांबाची माती पुन्हा ठोकायची आणि एकही फुली उरली नाही की मगच तार ओढायला घ्यायची.